आठवी वीट

बोरीच्या काठी बापाची वीटभट्टी होती.
भाजलेल्या विटा मोजून गाडीत जायच्या,
चिरलेल्या माझ्या.
आठ ओळीने मांडायचो,
एकीचं तोंड भट्टीकडे, दुसरीचं नदीकडे,
दोन टोकांना दोन एरंडाचे दांडे.
नववा मी.
पाठलाग कुणाचा, तर उखाकाकाच्या शेळीचा.
विटेच्या पाठीवर थाप मारून ओरडायचो, खो!

वीट उठायची नाही.
मीच उचलायचो, मीच पळवायचो,
मीच तिला दटावायचो, दिशा चुकली म्हणून.

पोरं म्हणत, ये की खेळायला.
मला खेळायचं नव्हतं.
मला रेषेबाहेर उभं राहायचं होतं,
कमरेवर हात, गळ्यात शिट्टी.
हे कुणाला सांगणार?
ट्रकवर ड्रायव्हर व्हायचंय, एवढंच सांगत असे.

यात्रेत घेतलेल्या पत्र्याच्या शिट्टीतला मणी
तिसऱ्याच दिवशी हरवला.
आईनं फटीतून ज्वारीचा दाणा सारला.
दोन दिवस छान वाजली,
मग माझ्याच थुंकीनं दाणा फुगला,
शिट्टी मुकी.
पत्रा उचकटून पाहिलं, तर मोड आलेला.
आई म्हणाली, पेरी टाक.

बावीस वर्षं झाली आता, शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे.
परीक्षानळ्या धुतो,
बरणीतल्या बेडकाचं पाणी बदलतो.
खेळाचे सर निवृत्त झाले, जागा काही भरली नाही.
हेडबाई म्हणाल्या,
सुपडूभाऊ, नुसतं सोबत जायचंय, फॉर्मवर सही लागते.
फॉर्मवर छापलेलं, मार्गदर्शकाचे नाव.
मी तीनदा पेन झटकला.
शाई होती.

सकाळी सहाला मैदान.
काळ्या मातीला भेगा, त्यात टाच अडकायची,
फक्कीला पैसे नाहीत, भट्टीच्या राखेनं रेषा आखल्या.
पोरी बसल्या. आठवीच्या पाच, सातवीच्या चार.
कुणी वेणीशी खेळतंय, कुणाला झोप येतेय.
मी म्हटलं, खो.
कुणी हललं नाही.
पहिले आठ दिवस मला
बापाचीच भट्टी दिसत होती.

मग एका सकाळी हर्षाली भिल उठली.
उठली म्हणजे, चौकोनातून सुटली,
खांबाला हात घासून अशी वळली
की राखेची रेषा हवेत उडाली
आणि मी शिट्टी फुंकायची विसरलो.

पारोळ्याला तालुका स्पर्धा.
शेवटचं मिनिट, गुण सारखे.
हर्षालीच्या हाताशी गडी आलेली,
पुढच्या चौकोनात गायत्री धनगर, पाठमोरी,
आणि हर्षाली थांबते आहे, थांबते आहे,
का थांबते आहे?
मला राहवलं नाही.
रेषेबाहेरून, कमरेवरचे हात सोडून
पस्तीस वर्षांच्या ताकदीनं
मी ओरडलो, खो!

गायत्री उठली. थाप नव्हतीच पाठीवर.
पंचांची शिट्टी. फाऊल.
तेवढ्यात ती गडी पलीकडे, वेळ संपली,
ज्यादा डावात एका गुणानं गेलो.

टेम्पोत कुणी बोललं नाही.
पोरी चिंचा चोखत होत्या,
बिया बाहेर फेकत होत्या, बहुतेक माझ्या नावानं.
एरंडोल फाट्यापाशी हर्षालीनंच विचारलं,
सर, तुम्ही कसाले वरडनात?
ती चकवायची होती तिला अजून एक पाऊल,
हे मला तिनं बोटानं मांडीवर आखून दाखवलं.
मी मान हलवली.
विटेला असलं काही सुचत नसे.

दुसऱ्या दिवशी सहालाच गेलो,
कुणी येणार नाही असं धरूनच.
रेषा आखलेल्या होत्या, जरा वाकड्या.
गायत्री कापूस वेचायला गेलेली, एक चौकोन रिकामा.
हर्षालीनं बोट दाखवलं,
आते बठा आठे. उगामुगा.

बसलो. एक पाय पुढे, बोटं मातीला टेकून.
खालून दिसतं ते मैदान वेगळंच असतं,
नुसत्या टाचा, राख, कुणाचा तरी धपापता श्वास
पाठीमागे येतोय, जातोय, येतोय.
कधी, ते कळत नाही.

थाप बसली.
गुडघे कटकन वाजले, उठलो,
आणि सवयीनं नदीकडे पळालो.

सर, फाऊल!