अठरावी सीट

गाडी भरल्याशिवाय हलत नाही.
झेस्टाफोनीच्या स्टँडवर हा एकच नियम मला ठाऊक होता,
बाकीचे लामाराने शिकवले.

ती खिडकीतून लोबियानी विकते,
राजम्याचं सारण भरलेली, बोटं भाजणारी.
हिशोबाच्या वहीखाली तिचा पट.
बत्तीसांतले एकतीस मोहरे लाकडी,
एक प्यादं म्हणजे बोर्जोमीच्या बाटलीचं झाकण.

हे तिरकं पळणारं कोण?
कासव, म्हणाली.
कासव? एका ढांगेत पट ओलांडतं ते?
नाव ठेवणाऱ्याला विचार.
रांगेतला एक दाढीवाला परका म्हणाला,
आमच्या मुलखात हा उंट असतो.
लामारा डोळ्यांत पाणी येईतो हसली.
उंट म्हणे!

घोडा मात्र आठ दिवस कळला नाही.
अडीच घरं. कुणाची घरं? अर्ध्यात राहतं कोण?
चियातुराच्या घाटात, सातव्या वळणावर,
खडीच्या ट्रकला बगल देताना कळला.
सरळ, सरळ, मग अंग चोरून बाजूला.
मी मोठ्याने ओरडलो, असं होय!
मागच्या बाईने छातीवर क्रूस काढला.

मी ड्रायव्हर. माझा हात आधी निघतो,
डोकं पुढच्या गाडीने येतं.
हातांवर बस, लामारा म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे हातांवर बस. दोन्ही मांडीखाली घाल.
तसा बसलो, बावन्न वर्षांचा,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
इपोलिटे आपली गाडी सोडून बघायला आला
आणि जाताना दोन भाकऱ्या उधार घेऊन गेला.

हरलो. गाडी भरली. गेलो.
आलो. हरलो.
कधी डाव अर्ध्यावर असताना अठरावा माणूस यायचा,
कोंबडी काखेत घेऊन, घाईत.
पटाची जागा तिला ताटांसाठी हवी असायची,
ती सगळं गोळा करायची,
आणि मी परतलो की पुन्हा मांडायची,
एक घर इकडचं तिकडे नाही.
मला सकाळचे प्रवासी दुपारी आठवत नाहीत.
तिला माझ्या चुका तोंडपाठ.

नेस्तान इटलीहून फोन करते, रविवारी,
तिथला म्हातारा झोपला की.
सहा वर्षं झाली.
हल्ली काय करतोस रे?
हरायला शिकतोय.
अजून? ती म्हणाली,
आणि आम्ही दोघंही थोडं हसलो.

नोव्हेंबरातली ती दुपार.
सतरा सीटा भरलेल्या, काचांवर श्वासांची वाफ.
माझा राजा कोपऱ्यात, एकटा,
ना प्यादं, ना रथ, ना ते पळपुटं कासव.
तिचं झाकण शेवटच्या घरात पोचलं.
तिने ते उलटं ठेवलं, दातेरी कड वर:
हा घे, वजीर.
मग एकाला सुटे पैसे मोजून देता देता,
न बघताच, पिठाच्या बोटाने
एकदा तो वजीर पुढे सरकवला.

मी हातांवर बसलो.
शह नव्हता.
डावीकडे गेलो तर मेलो, खाली गेलो तर मेलो,
तिरका गेलो तरी तेच.
जिथे होतो तिथे मात्र कुणी हात लावत नव्हतं.
मला चालच नाही गं, म्हणालो.

लामाराने पट पाहिला.
मला पाहिलं.
परत पट पाहिला.
आणि एक शिवी दिली, बहुतेक झाकणाला.

कोण हरलं?
कुणी नाही. बरोबरी.
जिंकलेला डाव होता माझा, गाढवा, जिंकलेला!

मांडीखालून हात काढले. मुंग्या आल्या होत्या.
पलीकडे सतरा माणसं
वाफेतून बोटाने गोल पुसून माझ्याकडे बघत होती.
त्यांनाही कुणी धरून ठेवलं नव्हतं.

किल्ली फिरवली.
इपोलिटे ओरडला, अरे, एक कमी आहे!
असू दे.
अठराव्या सीटवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
लोबियानी होती, वाफाळती.
तिचे पैसे लामाराने आज
मोजून, दोनदा मोजून घेतले होते.