पंधरा मिनिटांत

एका पायात बूट,
दुसरा हातात.
पहाटे साडेपाचला मी चहा ठेवला तेव्हा ते तसेच बसलेले,
चहावर साय धरली तरी तसेच.
बाजेवर फोन थरथरत होता
उताण्या पडलेल्या भुंग्यासारखा.

मला वाटलं, थकवा.
अकरा गावं, सत्तेचाळीस डीप्या,
मंजूर माणसं चार, भरलेलं एकच: हे.
हरभऱ्याला रात्रीचं पाणी, म्हणून रात्रीची लाईन,
म्हणून रात्रीचे फोन.
"मडावी भाऊ, लाईन कव्हा येईन?"
"पंधरा मिनिटांत."
झोपेतही म्हणायचे. कुशीवर वळून, अगदी नम्रपणे,
भिंतीला:
पंधरा मिनिटांत.

मागच्या मार्चात वसुली.
यादी साहेबाची, शिडी यांची.
पिठाच्या गिरणीची वायर कापली, शाळेची कापली,
सख्ख्या मावशीची कापली, सहाशे चाळीस रुपयांसाठी.
मावशीनं शिवी दिली नाही.
गूळ-पाणी दिलं.
तेव्हापासून जेवताना यांनी
वरून मीठ मागणं सोडलं.

चावडीवरचे म्हणाले, गड्याचा फ्यूज उडाला.
हसले. मीही हसले थोडी, खोटं कायले बोलू.
पण फ्यूज उडाला की कळतं.
फट्ट होतं, अंधार होतो, कोणीतरी तार घेऊन येतं.
इथं अंधार झालाच नाही.
होल्टेज कमी असलं की पंखा फिरतो ना,
पाती मोजता येतील इतका हळू,
तसे ते घरात फिरायचे,
आणि वारा कोणालाच लागायचा नाही.

सासूनं लिंबू उतरवलं.
भाऊ म्हणाला, दोन घुटके घ्या, झोप लागेन.
साहेबानं नोटीस दिली, मी हळदीचं दूध दिलं.
ज्यानं त्यानं काहीतरी दिलं.
सुटी कोणी दिली नाही.

मग एका दुपारी, नखं कापता कापता, सहज म्हणाले,
"खांबावर चढलो का खाली काऊन उतरायचं
थे आठवतच नाही."
मी सूप खाली ठेवलं.
त्या रात्री बेल्ट, हातमोजे, पक्कड
सगळं पेटीत घातलं, कुलूप लावलं,
किल्ली मंगळसूत्रात ओवली.
सकाळची पहिली एसटी, यवतमाळ.

डॉक्टरीण पोरीच्या वयाची.
घरात कोणी गेलं का? नाही.
कर्ज? नाही जी.
दारू? नाही.
मग काही घडलं का?
हे भिंतीवरच्या स्विचकडे पाहत राहिले.
मीच म्हटलं, "घडलं नाही मॅडम.
घडून रायलं."
तिनं पेन टेकवलं, आणि पहिल्यांदा
लिहायच्या आधी थांबली.

म्हणाली, हा आजार आहे. आळस नाही.
यांनी मान वर केली.
"मंग सुटी भेटन का?"
तिनं कागद लिहून दिला.
गोळीचा गुण यायला तीन आठवडे लागतील, जास्तही.
पंधरा मिनिटांत म्हणाली नाही,
म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

आज आठवा दिवस.
फोन ज्वारीच्या पिंपात पुरून ठेवला आहे.
रात्री दाण्यांच्या आतून वाजतो,
दुरून कोणी विहिरीतून हाक मारावी तसा.
दोघंही जागे.
"वडगावची डीपी असेन," ते म्हणतात.
"असेन."
वाजतो. थांबतो. वाजतो.
कुठेतरी कोणाचा हरभरा तहानलेला आहे,
कळतं मलेही.
ते पायानं गोधडी वर ओढतात.
थोडी माझ्याकडेही येते.