जड ते खाली

पहाटे चारला आम्ही गुजरी झाडायला निघायचो.
दुकानं बंद, फळ्यांखाली कुत्री,
अम्माच्या हातात कुंचा, माझ्या हातात पत्र्याचा डबा.
सोनारांच्या पायऱ्यांवरची धूळ, गटारीतला काळा गाळ,
सगळं घरी. मग परातीत पाणी, आणि मनगटाचा तो
अर्धा गोल झोल, जो मला नऊ वर्षं जमला नाही.
“डोळ्यानं हुडकू नगंस,” अम्मा म्हणायची,
“सोनं दिसत न्हाई. जड असतंय. जड ते खाली.”

पुढं कॉलेजात भूशास्त्र घेतलं.
हुपरीकर सरांनी विचारलं, झारेकरी म्हणजे नेमकं काय करता?
गटार धुतो, म्हटलं.
सर हसले नाहीत. त्यांनी मला अर्ध्या मिलिमीटरची चाळणी दिली
आणि तीन पोती चिखल.

चिखल कोल्हापूरचा नव्हे. इथं नुसता काळा पाषाण,
जोतिबाच्या डोंगरापासून थेट घाटाच्या कड्यापर्यंत
लाव्ह्याच्या घड्या, एकीवर एक, रचून ठेवलेल्या घोंगड्यांसारख्या.
पण लांब पूर्वेला, कुठं कुठं
दोन घड्यांच्या मधे हातभर गाळ सापडतो.
एक लोट निवला होता, दुसरा यायचा होता,
तेवढ्यात तळं साचलं, शेवाळ धरलं, बेडूक आले.
धरणीची मधली सुट्टी.
त्या सुट्टीत डबा खाऊन गेलेल्यांचे दात
मी एकतीस वर्षं शोधले.

मोठी हाडं मोठ्या लोकांना.
माझ्या वाट्याला मोहरीहून बारीक.
रॉकेलमध्ये भिजवायचं, धुवायचं, वाळवायचं,
मग दोन केसांच्या कुंचल्यानं कण कण बाजूला.
पोत्यामागं शेकड्यानं माशांचे काटे, एखादा मगरीचा दात,
सस्तन प्राणी बहुतेक वेळा नाहीच.
एकतीस वर्षांत अकरा दात.
बघायला आलेल्या पाहुण्यांना मामू सांगायचा,
पोरगी दातांची डॉक्टर आहे.

नावं ठेवणारे पुष्कळ भेटले.
नाव ठेवायचा धीर मला झाला नाही.
एका दातावर लोक अख्खं जनावर उभं करतात, शेपटीसकट.
माझ्या रजिस्टरात नुसते आकडे.

बारावा दात हरवला.
बंडा चौगुलेनं पंखा लावला आणि बशी रिकामी.
तीन दिवस मी गुडघ्यांवर.
चौथ्या दिवशी अम्मा आली, पंचाहत्तरीची, स्वतःचा कुंचा घेऊन.
कुणाला न विचारता खोली झाडली, भिंतीकडून दाराकडं,
फरशीच्या सांधी खिळ्यानं उकरल्या.
परात. पाणी. अर्धा गोल.
खाली राहिलं ते: दोन टाचण्यांची डोकी, लोखंडाचा कीस,
आणि तो.

भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं
जे आठवडाभर हाती असून दिसलं नव्हतं.
मुळं मोडलेली नव्हती, विरघळलेली होती,
खालून दुसरा दात वर येताना विरघळतात तशी.
दुधाचा दात.
म्हणजे कुणाचं तरी पिल्लू. बोळकं घेऊन जन्मलं,
कुणाच्या तरी अंगावर प्यालं, मग किडे चावू लागलं,
आणि तळ्याकाठी एके दिवशी हा पडला.
त्या दिवसापर्यंत तरी जगलं.

अम्मानं एक डोळा मिटून बघितलं.
“चिचुंद्री?”
तसलंच काहीतरी.
“किती जुनी?”
सांगितलं. आकडा तिनं मनावर घेतला नाही.
“इकला तर किती येतील?”
काही नाही.
“मग लईच जड असणार,” म्हणाली, आणि परात पुसायला घेतली.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर गेलो.
गवळ्यानं म्हशीखाली ग्लास धरला, फेस काठाला आला.
अम्माच्या तोंडात आता एकही दात नाही.
तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरून अर्धा संपवला
आणि ओठावरचा फेस तसाच ठेवून विचारलं,
“आन् त्याची आई?”
ती अजून सापडली नाही, म्हटलं.
“पोती किती राहिल्यात?”