साडेतीन बाय सव्वादोन

एवारिस्तोने पहिल्या दिवशी फक्त मोजलं.
साडेतीन मीटर लांब, सव्वादोन रुंद,
त्यातून पाण्याच्या टाकीची गोलाई वजा,
जिन्याची झडप उघडायला लागतो तो चतकोर वजा.
उरलं ते वहीत लिहून
खाली दोन रेघा मारल्या,
किराणावाल्यासारख्या.

एकतीस वर्षं तो मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता.
सत्तावीस माणसांचं रांधायचा अशा खोलीत
जिथे ओव्हनचं दार उघडलं
की स्वयंपाक्याने बाहेर जायचं.
त्यामुळे गच्ची त्याला मैदान वाटली.
मला रुमाल.

वाल्पाराइसोत सपाट जमीन समुद्रापाशी,
ती बंदराने घेतली.
आम्ही बाकीचे डोंगराला लटकलेले,
एकाच्या छपराशी दुसऱ्याचा उंबरठा.
आमच्या सुपात मीठ कमी पडलं
तर उबाल्दीनाला तिच्या खिडकीतून कळतं.

दुसऱ्या दिवशी खडू.
इथे टेबल, कठड्याला बिजागऱ्यांनी जोडलेलं,
जेवण झालं की खाली पडून भिंतीशी उभं राहील,
शिक्षा झालेल्या पोरासारखं.
इथे बाक, टाकीला पाठ लावून,
कारण दिवसभर तापलेली टाकी
रात्री दहापर्यंत कंबर शेकते.
बाकाला झाकण. आत माती, कांदे, घोंगडी
आणि, हळूच म्हणाला, एखादी बाटली.
कुंड्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला:
'हवा फुकट आहे, जमीन नाही.'
दोरी कप्पीवरून गल्लीपलीकडे,
म्हणजे आमच्या चादरी
दुसऱ्याच्या आकाशात वाळतील.
जानेवारीत दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो,
त्या बाजूला जुन्या शिडाचं कापड.

तिसऱ्या दिवशी मी वर गेले
तर गच्ची खडूने भरली होती.
एक बोटही बेकार नव्हतं.
कौतुक वाटलं. खरंच वाटलं.
तो समुद्रावर होता त्या एकतीस वर्षांत
या घरात मला जागा कधी कमी पडली नव्हती.

मी चपला काढल्या
आणि मधोमध आडवी झाले,
टेबलात डोकं, बाकात पाय.

'काय करतेस?'
'मोजतेय.'
'सगळं मोजून झालंय.'
'हे राहिलं होतं.'

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी आधी पसरले.
अंथरुणाने आपलं बघून घ्यावं.

वरून उबाल्दीनाचा आवाज: 'गेली की काय?'
'जागा धरलीय,' मी म्हटलं.

एवारिस्तो बराच वेळ उभा राहिला.
मग गुडघा कडकन वाजवत खाली बसला
आणि माझ्याभोवती खडू फिरवू लागला,
खांद्यावरून, कोपरावरून, टाचेखालून.
मी पोट आत घेतलं.
'सोड,' तो म्हणाला, 'पोटासकट मोजतो.'

टेबल तीन ताटांवर आलं.
कांदे पुन्हा स्वयंपाकघरात गेले, रुसून.
चौथी खुर्ची खुंटीवर,
पाहुणा आला तरच उतरते.
मधल्या सिमेंटवर काहीच नाही.
लोक विचारतात, इथे काय ठेवणार?
आणि उत्तराची वाट न बघता
वळसा घालून बाकाकडे जातात.

काल संध्याकाळी कपडे ओढायला वर गेले
तर एवारिस्तो तिथे झोपलेला, तोंड उघडं,
बंदरातल्या क्रेनचे दिवे नुकते लागलेले.
पाय माझ्या मापाच्या बाहेर,
पुरे दहा बोटं.
छातीवर वही पालथी.
उचलून पाहिली.
जुन्या वजाबाकीखाली नवी ओळ होती:
टेबल, अजून वीतभर कमी.