गझेता

पहाटे साडेतीनला सांगलीच्या स्टँडवर
कोल्हापूरची गाडी गठ्ठे टाकून जाते
आणि मी सुतळी कापतो.
तीस वर्षं झाली. पेपर आला, म्हणतो मी.
तो पेपर.
शाळेत गुरुजी म्हणायचे, वर्तमानपत्र आलं.
ते.
आता पोरगी सांगते, पप्पा, तिकडं ती असते.
गझेता आली.
म्हणजे एकाच कागदात तिघंही राहतात.

'झ झाडातला,' विनता म्हणाली, 'झेंड्यातला नव्हे.
आणि ठोसा मधल्या अक्षरावर.'
येत्या सप्टेंबरात ती व्होल्गाकाठी
डॉक्टरकी शिकायला जाणार होती,
म्हणून मोबाईलवर रोज दहा शब्द.
मी पुरवण्या घालता घालता ऐकायचो.
नऊ माझ्या डोक्यातून पुसून जायचे.
एक दिवस दहावा आपल्याच धंद्यातला निघाला.

शब्द आला लगेच.
वापरायला मात्र अख्खी थंडी गेली.
वाचायची तर गझेतू.
तिनं माशी मारली तर गझेतोय.
बातमी पेपरात छापून आली तर गझेत्ये,
पण गणपती पेठेत भडंग बांधून देतात पेपरात,
तर पुन्हा गझेतू.
'अगं, दोन्हीकडं पेपरातच की!'
'नाही पप्पा. बातमी आत असते.
भडंगाला आत जायचं असतं.'
मी जांभई दिली.
मग वाटलं, तीस वर्षं दोन्ही कामांना कागद पुरवणाऱ्याला
एवढं तरी कळायला हवं होतं.

मोजायचं तर आणखीच नवल.
एक गझेता. दोन, तीन, चार गझेती.
पाचापासून शेपूटच गळतं,
पाच गझेत, सहा गझेत,
विश्रामबागच्या लाईनला दोनशे चाळीस गझेत.
लाईन टाकणारा इरण्णा हसतो,
'मालक, बास झाल्या गझेत, चहा सांगा.'

ती गझेतीतली ई सरळ नाही.
जीभ मागं ओढायची, दात आवळायचे,
काहीतरी घशात राहून गेल्यासारखं.

मग एका रात्री तिनं 'नाही' शिकवलं.
न्येत.
आपल्यात पेपर नाही म्हणजे पेपर नाही,
पेपरला त्याचं काही वाटत नाही.
तिकडं जी गोष्ट नसते तिचा शेवट बदलतो.
गझेती न्येत.
मला पुराचं साल आठवलं.
आयर्विनखालचं पाणी गावभागात शिरलं,
सहा दिवस गठ्ठेच आले नाहीत,
आणि मी सवयीनं साडेतीनला उठून
वरच्या पायरीवर कात्री घेऊन बसायचो.
पेपराचा पत्ता नव्हता.
'बघ,' मी म्हणालो, 'पेपराचा!
नसलं की आपणही षष्ठीच लावतो.'
तिनं माझ्याकडं पाहिलं,
सरांकडं बघतात तसं. पहिल्यांदाच.

सप्टेंबरात गेली.
फोनवर म्हणते, इथं कागदाचा पेपर कुणी घेत नाही,
होस्टेलच्या दारातली म्हातारी तेवढी वाचते,
चष्मा नाकाच्या टोकावर, तुमच्यासारखाच.
काल ती हात हलवत म्हणाली, गझेती न्येत,
आणि पप्पा, मला एकदम कळलं.

आता पहाटे मी एकटाच घोकतो.
तिचं नावही आ-नं संपतं,
गझेतेच्याच चालीवर चालतं, म्हणून बसवून बघितलं.
विनता आली.
विनतू पाहिली.
पुढं गेलो
आणि हातातली कात्री थांबली.

विनती न्येत.

इरण्णा म्हणाला, 'काय म्हणालात?'
'काही नाही,' म्हटलं, 'तो खणभागाचा गठ्ठा घे.
एक कमी पडतीय.
मोज परत.'