दश्शी की राजा

इस्पिकचे सहा बोलून बसलो आहोत.
मी डमी. पानं टेबलावर मांडली,
आता डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.
माझ्यात राजा, दश्शी, अठ्ठी, चौकी.
लुत्सीनाच्या हातात एक्का, नव्वी आणि तीन बारकी.
बाहेर उरली चारच:
राणी, गुलाम, तिर्री, दुर्री.
चौकटचा एक हात आधीच गेलाय.
अजून एक गेला की बुडालो.

ग्दिनियाच्या मच्छीबंदरामागे, कँटीनच्या वर आमचा क्लब.
हीटरवर कुणाचे तरी हातमोजे वाळतायत,
खोलीभर ओल्या लोकरीचा आणि हेरिंगचा वास.

तिनं एक्का ठेवला.
ओतिलियानं दुर्री दिली, मी चौकी,
आणि हिएरोनिमनं, अगदी सहज,
राणी.

मग हातातून छक्की. ओतिलियाची तिर्री.
आता माझ्यातलं काय मागायचं?
राजा घ्यावा आणि गुलाम पडेल म्हणावं,
की दश्शी सरकवावी, गुलाम ओतिलियाकडे धरून?

भोळा हिशोब म्हणतो, राहिलंय एकच पान,
ते इथे तरी असेल नाहीतर तिथे,
निम्मं-निम्मं, घ्या देवाचं नाव.
पण लुत्सीनानं एकतीस वर्षं
बंदरात भरती-ओहोटीची वही लिहिली,
भोळं काही तिच्या गळी उतरत नाही.
ती उलटीकडून मोजते:
हिएरोनिमकडे दोन्ही असती
तर त्यानं कधी राणी टाकली असती, कधी गुलाम,
त्याला काय, दोन्ही सारखीच.
म्हणजे तशा निम्म्या डावांत
मला राणी दिसलीच नसती.
आणि राणी एकटी असती तर?
दर खेपेला राणीच. दुसरं टाकणार काय?
दिसली, म्हणजे बहुधा निवड नव्हती.
शंभरात पासष्ट.

हेच गणित तिनं मला एकदा पत्त्यांशिवाय सांगितलं होतं,
ट्रॉलीबसच्या थांब्यावर, वारा तोंडावर घेत.
भाऊ आन्झेल्म, जहाजावर खानसामा.
हँबुर्गला उतरला आणि परत चढला नाही.
एक पोस्टकार्ड आलं:
‘इथंच राहतो. आईला तू सांग.’
‘तीस वर्षं मी धरून चालले होते,’ ती म्हणाली,
‘की याच्या हातात दोन पानं होती
आणि यानं हे टाकलं.
मग क्लबात कुणीतरी हा हिशोब शिकवला.
त्या रात्री ते कार्ड पुन्हा काढून बघितलं.’
काय दिसलं, ते मी विचारणार होतो.
तेवढ्यात चोवीस नंबर आली,
आणि आत बसायला जागा एकच होती.

‘दश्शी,’ ती म्हणाली.
मी दश्शी पुढे केली.

हिएरोनिमनं गुलाम ठेवला.
हळूच ठेवला, फुटेल अशा जपणुकीनं.

उरलेले हात कुणी मोजलेसुद्धा नाहीत.
तिनं कागदावर उणे पन्नास लिहिलं,
चहातलं लिंबू चमच्यानं दाबलं.
‘बरोबरच खेळले,’ ती म्हणाली,
आणि ते खरं होतं.
पस्तीस काही शंभराच्या बाहेर राहत नाहीत.

हिएरोनिम ओशाळला. आयुष्यभर कस्टममध्ये
लोकांच्या बॅगा उघडून बघितलेला माणूस,
म्हणाला, ‘राणीच का टाकली, मलाही ठाऊक नाही.
बोटांना आधी ती लागली.’
‘आणि गुलाम आधी लागला असता तर?’ मी विचारलं.
आता बोलायला मला मोकळीक होती.
‘तरी मी दश्शीच मागितली असती,’
लुत्सीना म्हणाली, माझ्याकडे न बघता.
ती हिएरोनिमकडे बघत होती,
त्याच्या बोटांकडे,
जरा जास्तच वेळ.

मग पत्ते खणात घातले,
बोर्ड पलीकडच्या टेबलावर दिला.
तिथं कुणीतरी हाच डाव उघडेल,
आणि राजा घेईल, न मोजता,
आणि जिंकेल.