टॅपेट कव्हर

नंबरप्लेटचे दिवस होते तेव्हा
एक्केचाळीस एक्केचाळीसचा मी ‘दादा’ करून द्यायचो
ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत.
मग सरकारी छापाच्या प्लेटा आल्या
आणि नाना पेठेतल्या माझ्या ब्रशांना
रॉकेलच्या डब्यात नुसतं उभं राहायची सवय लागली.

त्या सुमारास पांचाळ आले.
भोसरीच्या फाउंड्रीत बत्तीस वर्षं पॅटर्नमेकर.
जुन्या पेपरात गुंडाळलेलं टॅपेट कव्हर
सुरमई आणावी तसं काखेत धरलेलं.
म्हणाले, यावर काहीतरी काढा. टिकेल असं.

मी म्हटलं, बॉनेटखाली बघतंय कोण?
ते म्हणाले, कोण बघेल ते मी विचारलं नाही,
किती टिकेल ते विचारलं.

पहिल्यांदा मी चुकलो, कबूल.
घरातला ऑइलपेंट, वरून क्लिअर,
दोन दिवस पत्र्यावर ऊन.
कात्रजचा घाट चढून उतरेस्तोवर
रंगाला पापडासारखे फोड.
पांचाळ रागावले नाहीत.
नखानं एक पापुद्रा उचलला
आणि माझ्या काउंटरवर ठेवला,
बिल ठेवतात तसा.

मग सगळं मुळापासून.
कॉस्टिक नाही, ते अ‍ॅल्युमिनियम खातं.
वाळूचा मारा, थिनर, हातमोजे;
बोटाचं तेलसुद्धा
रंगात आणि धातूत भांडण लावतं.
कव्हर दुधी, उघडं झालं तेव्हा
ऑइलच्या टोपीजवळ ते दिसलं:
सुईच्या टोकाएवढं छिद्र,
आरपार नव्हे,
ओततानाच्या हवेनं जाता जाता मारलेली टिचकी.
मी लांबीचा डबा उघडला.

“बुजवू नका.
साचा माझ्या हातचा आहे. शहाण्णव साल.
हवेला वाट मीच कमी ठेवली होती.
तपासणीतून सुटलं कसं कोण जाणे.
मागच्या महिन्यात भंगारात दिसलं,
आतल्या बाजूचा नंबर बघितला,
घासाघीस न करता बाराशे दिले.”

बाराशे! घासाघीस न करता!
यानंतर मी त्यांना काही विचारलं नाही.

दुपारभर छिद्राकडे बघत बसलो.
चहाच्या बशीखालून
मुंग्यांची रांग चालली होती काउंटरच्या फटीत.
माझ्याकडून एवढंच झालं,
की ती रांग मी उचलून तिकडे ठेवली.

छिद्राचं वारूळ.
कव्हरच्या उभ्या फासळ्यांवरून अकरा मुंग्या,
तीन केसांचा ब्रश, काळा रंग,
सहाशे डिग्रीला न डगमगणारा, असं डब्यावर लिहिलेलं.
दहा वारुळाकडे निघालेल्या.
अकरावी उलटी चाललेली. का, ते मलाही माहीत नाही.

रामटेकडीला तस्लीमभाईची भट्टी.
आधी शंभर, मग दीडशे, मग दोनशे,
प्रत्येक वेळी मध्ये थंड होऊ द्यायचं.
घाई केली की रंग खालून उकळतो.
“भाताचंही तेच असतं,” तस्लीमभाई म्हणाला,
आणि भाडं अर्ध्या भट्टीचंच घेतलं,
उरलेल्या अर्ध्यात कुणाच्या तरी सायकलींच्या फ्रेमी होत्या,
गुलाबी.

दोन उन्हाळे झाले.
घाट झाला, सोलापूर झालं,
एकदा हडपसरच्या पुलाखाली रेडिएटर उकळून झाला.
पांचाळ अधूनमधून दुकानासमोर गाडी लावतात,
इंजिन बंद न करता बॉनेट उचलतात.
कव्हर थरथरतं
आणि मुंग्या चालायला लागतात.
आम्ही दोघं वाकून बघतो. मागे रिक्षावाले हॉर्न मारतात.

परवा त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.
“तिसरीला पाचच पाय आहेत.”

मी मोजले.
पाचच होते.

“तपासणीतून सुटली,” मी म्हणालो.